घड्याळाच्या पाठीवर कोरलेलं नाव: किंमत वाढते की उतरते?

नोव्हेंबर 2024 मध्ये इंग्लंडमधल्या एका लिलावात सोन्याचं एक खिशातलं घड्याळ 15 लाख 60 हजार पौंडांना गेलं. आपल्या हिशेबात साधारण साडेसोळा कोटी रुपये. घड्याळ टिफनीचं, 18 कॅरेटचं, चांगलंच होतं; पण नुसत्या तसल्या घड्याळाला कुणी एवढे पैसे मोजले नसते. किंमत होती त्यावर कोरलेल्या मजकुराची. टायटॅनिक बुडाल्यावर मदतीला धावलेल्या कार्पेथिया बोटीचे कप्तान आर्थर रॉस्ट्रन यांनी सातशेहून अधिक माणसं वाचवली होती. वाचलेल्यांपैकी तीन श्रीमंत विधवांनी मिळून कृतज्ञतेपोटी हे घड्याळ त्यांना दिलं. तिघींची नावं आणि 15 एप्रिल 1912 ही तारीख त्यावर कोरलेली आहे.

अशी बातमी आली की अनेक घरांत कपाट उघडलं जातं. आजोबांचं घड्याळ बाहेर निघतं. मागे लिहिलेलं असतं, ‘सेवानिवृत्तीनिमित्त सप्रेम भेट’, खाली नाव आणि साल. मग कुणीतरी ते जुन्या घड्याळांच्या व्यापाऱ्याकडे नेतं आणि तो पाठ उलटी करून म्हणतो, “नाव आहे हो यावर, थोडे कमी येतील.” तिकडे नावामुळे कोटी आणि इकडे नावामुळे कमी, हे कसं? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींमागचं कारण एकच आहे.

आधी किंमत कशाला मिळते ते पाहू

जुन्या घड्याळांच्या बाजारात ‘विंटेज’ म्हणजे ढोबळमानाने पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं किंवा त्याहून जुनं घड्याळ. त्याची किंमत कंपनी, मॉडेल, दुर्मिळपणा आणि अवस्था यांवर ठरते, आणि त्या सगळ्यांच्या वर एक गोष्ट बसते: घड्याळ कारखान्यातून निघालं तेव्हा जसं होतं तसंच आज आहे का. डायल तोच आहे का, काटे तेच आहेत का, केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या घराच्या, कडा पॉलिश करून गोल तर झाल्या नाहीत ना. संग्राहक याला ‘ओरिजिनल’ म्हणतात. नंतर रंगवलेला चकचकीत डायल त्यांना नको असतो, डाग पडलेला पण मूळचा डायल ते जास्त पैसे देऊन घेतात.

मागच्या झाकणावर नाव कोरणं हा या हिशेबात नंतर केलेला बदल ठरतो. आपल्याकडे लग्नात आलेल्या पातेल्यावर नाव घातलेलं असतं, तसंच हे. पातेलं मोडीत दिलं तर नावाला शून्य किंमत, वजनाचे पैसे मिळतात. वापरायला घेणाऱ्याला दुसऱ्याच्या नावाचं पातेलं नकोच असतं. तेच पातेलं एखाद्या संस्थानिकाच्या मुदपाकखान्यातलं निघालं, तर त्यावरची अक्षरं हीच त्याची खरी किंमत. धातू तोच, कोरणीही तीच. फरक पडतो तो अक्षरं कुणाबद्दल काय सांगतात आणि ते खरं आहे हे दाखवता येतं का, यावर. कोरलेला मजकूर हा एक पुरावा असतो. पुराव्यातून सिद्ध होणारी गोष्ट जितकी मोलाची, तितकं मजकुराला मोल.

अनोळखी नाव असेल तर

सरळ सांगायचं तर नेहमीच्या घड्याळावर अनोळखी माणसाचं नाव असेल तर बाजारभाव बहुतेक वेळा थोडा उतरतो. किती उतरतो याला एकच टक्केवारी नाही. ते मजकूर कुठे आहे, कसा आहे आणि घड्याळ कुणाला विकताय यावर अवलंबून असतं.

बारीक, सुबक अक्षरांत, मागच्या झाकणावर मधोमध दोन ओळी असतील तर बरेच संग्राहक त्याकडे दुर्लक्ष करतात, कारण मनगटावर बांधल्यावर पाठ दिसतच नाही. मजकूर झाकणाच्या आतल्या बाजूला असेल तर फरक जवळपास पडत नाही. हेच नाव डायलवर ओरखडून लिहिलेलं असेल किंवा केसच्या बाजूवर खोल खणलेलं असेल, तर मात्र मोठा फटका बसतो. सोन्याचा मुलामा दिलेल्या केसचं आणखी वेगळं. तिथे कोरणी मुलाम्याखाली उतरते आणि आतलं पितळ उघडं पडतं. मग घाम लागून त्या अक्षरांत हिरवट गंज धरतो.

यालाही एक सुंदर अपवाद आहे. कॅनडातलं इटन हे मोठं दुकान पंचवीस वर्षं नोकरी केलेल्या कर्मचाऱ्यांना रोलेक्स प्रिन्स हे लांबट चौकोनी घड्याळ भेट द्यायचं. त्या डायलवर एक ते बारा आकडे नाहीतच. त्यांच्या जागी ‘1/4 सेंच्युरी क्लब’ हे शब्द इंग्रजीत सुटे करून मांडलेत: एकच्या जागी पाव, मग सेंच्युरीची सात अक्षरं, मग क्लबची चार. बरोबर बारा होतात. पाठीवर कर्मचाऱ्याचं नाव. ही माणसं जगाला अनोळखी आहेत, तरी संग्राहक ही घड्याळं हौसेनं शोधतात आणि पाठीवर नाव असलेलं त्यांना चालतं, किंबहुना हवंच असतं. कारण तिथे नाव हा नंतरचा बदल नाही. घड्याळ ज्यासाठी दिलं गेलं त्या गोष्टीचाच तो भाग आहे.

सरकारी खुणांचंही असंच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी बारा कंपन्यांनी मनगटी घड्याळं बनवली. त्यांच्या पाठीवर बाणाची खूण, तीन वेळा डब्ल्यू आणि क्रमांक असतात. ही कोरीव अक्षरं घासून काढलेली असतील तर घड्याळाचा अर्धा जीवच गेला.

नाव ओळखीचं निघालं तर

इथे बाजाराचं गणित पालटतं. सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकन अभिनेते पॉल न्यूमन यांच्या रोलेक्स डेटोनाचं. त्यांना मोटारींच्या शर्यतींचं वेड होतं. पत्नी जोअन वुडवर्ड यांनी हे घड्याळ भेट दिलं आणि पाठीवर कोरून घेतलं: ‘ड्राइव्ह केअरफुली, मी’. गाडी जपून चालव, एवढाच निरोप. न्यूमन यांनी 1984 मध्ये ते मुलीच्या तेव्हाच्या मित्राला देऊन टाकलं. 26 ऑक्टोबर 2017 रोजी न्यूयॉर्कमध्ये फिलिप्सच्या लिलावात ते 1 कोटी 77 लाख डॉलरहून जास्त किमतीला गेलं, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे 115 कोटी रुपये. त्याच मॉडेलची आणि तशाच डायलची इतरांची घड्याळं त्या काळात काही लाख डॉलरांत मिळत होती.

एक बारकावा इथे सुटू नये. कोरलेल्या वाक्यात न्यूमन यांचं नाव नाही आणि वुडवर्ड यांचंही नाही. नुसता मजकूर पाहिला तर तो कुणाही नवराबायकोचा असू शकतो. त्याला वजन आलं ते न्यूमन यांच्या मनगटावर ते घड्याळ दिसणाऱ्या फोटोंमुळे, ते कुणाकडून कुणाकडे गेलं याचा अखंड माग असल्यामुळे आणि न्यूमन यांच्या मुलीनं लेखी दुजोरा दिल्यामुळे. या मागाला लिलावाच्या जगात ‘प्रॉव्हनन्स’ म्हणतात: वस्तू पहिल्या मालकापासून आजपर्यंत कशी आली, याची कागदांनी आणि साक्षींनी जोडलेली साखळी. मजकूर ही त्या साखळीची एक कडी. एकटी कडी ओढ सहन करत नाही.

अभिनेते मार्लन ब्रँडो यांच्या रोलेक्स जीएमटी-मास्टरची गोष्ट तर नियमांच्या पार उलट जाते. ब्रँडो यांनी शूटिंगसाठी घड्याळाची वरची फिरती कडा उचकटून काढली आणि पाठीवर आपलं नाव स्वतःच्या हातानं वेडंवाकडं कोरलं. अनोळखी मालकानं असं केलं असतं तर ते सुट्या भागांच्या भावात गेलं असतं. डिसेंबर 2019 मध्ये हेच घड्याळ साडेएकोणीस लाख डॉलरना विकलं गेलं. अक्षरं सुबक नाहीत, पण ती त्यांनीच कोरलीत आणि हेच त्यांचं मोल.

केनेडी यांचं ओमेगाही सांगण्यासारखं आहे. मित्रानं 1960 मध्ये, निवडणुकीचा निकाल लागायच्या आधीच, पाठीवर ‘अमेरिकेचे अध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांस’ असं कोरून ते भेट दिलं. केनेडी जिंकले आणि जानेवारी 1961 च्या शपथविधीला त्यांनी ते बांधलं. पुढे 2005 मध्ये ओमेगानं साडेतीन लाख डॉलर देऊन ते आपल्या संग्रहालयासाठी विकत घेतलं.

“पण कुणीही मोठं नाव कोरून आणेल की!”

शंका रास्त आहे. बाजारात हा उद्योग चालतोही. सैन्याच्या खुणा, विमान कंपन्यांची नावं, कधी एखाद्या संस्थानाची मुद्रा नव्यानं कोरून साधं घड्याळ महाग करायचा प्रयत्न होतो. म्हणून जाणकार आधी भिंग काढतात, कागद नंतर बघतात.

दहापट भिंगाखाली जुनं आणि नवं कोरीवकाम बऱ्याचदा वेगळं ओळखू येतं. घड्याळ वर्षानुवर्षं मनगटावर राहिलं, टेबलावर ठेवलं-उचललं गेलं की पाठीवर बारीक ओरखडे पडत जातात. मजकूर जुना असेल तर हे ओरखडे अक्षरांच्या कडांवरून आरपार गेलेले दिसतात, कडा बोथट झालेल्या असतात आणि अक्षरांच्या तळाशी मळ घट्ट बसलेला असतो. मजकूर नवा असेल तर उलट दिसतं. अक्षरांनीच जुन्या ओरखड्यांना मध्ये कापलेलं असतं, कडा धारदार असतात, तळ चकाकतो. लेझरनं कोरलेल्या अक्षरांची खोली सगळीकडे एकसारखी असते. हातानं चालवलेल्या कोरणीची रेघ मात्र कुठे जाड, कुठे बारीक, वळणावर खोल. 1930 सालच्या घड्याळावर लेझरची अक्षरं असतील तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही.

दुसरी तपासणी तारखांची. पाठीवर 1962 लिहिलंय आणि आतलं यंत्र 1975 नंतरचं, तर झाकण तरी दुसऱ्या घड्याळाचं आहे किंवा यंत्र तरी बदललेलं. आपल्याकडे ही तपासणी विशेष उपयोगाची आहे. एचएमटी, फेवर ल्युबा, वेस्टएंड यांची जुनी घड्याळं नवे भडक डायल रंगवून, इकडचे काटे तिकडचं यंत्र जोडून इंटरनेटवर इतकी विकली गेलीत की परदेशी संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. मुंबईकर म्हणून हे वाचताना वाईट वाटतं, कारण यातल्या दोन नावांचं मुंबईशी नातं फार जुनं आहे. फेवर ल्युबाचा मुंबईतला व्यापार 1865 चा. वेस्टएंड ही स्विस कंपनी तर मुंबईतूनच वाढली. अशा भेसळीच्या बाजारात पाठीवरची खरी जुनी तारीख निदान केसच्या वयाची तरी साक्ष देते.

तिसरी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. मागचं झाकण उघडून आतली बाजू तिरप्या उजेडात धरा. टोकदार हत्यारानं खरडलेल्या अगदी बारीक खुणा दिसतील: आकडे, एखादं आद्याक्षर, कधी तारीख. घड्याळजी दुरुस्ती केली की आपली खूण तिथे ठेवायचे, म्हणजे घड्याळ परत आलं तर आपलंच काम आहे का ते कळे. एकाच झाकणात चार-पाच जणांच्या खुणा सापडतात. बाहेरचं नाव आणि आतल्या खुणा काळाच्या दृष्टीनं जुळल्या तर विश्वास वाढतो. या खुणांमुळे किंमत कमी होत नाही. त्या पुसून टाकणं मात्र मूर्खपणाचं.

मजकूर विकणाऱ्याच्या विरोधातही साक्ष देऊ शकतो. पहिले राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सोन्याच्या रोलेक्सच्या डायलवर भारताचा नकाशा आणि 26 जानेवारी 1950 ही तारीख आहे. प्रजासत्ताक झालं तो दिवस. ते 1960 च्या दशकात पाटण्याच्या सदाकत आश्रमातून चोरीला गेलं. 2011 मध्ये जिनिव्हाला सदबीजच्या लिलावात ते विक्रीला आलं, भारत सरकारनं हरकत घेतली आणि ते विक्रीतून काढून घ्यावं लागलं. साधा डायल असता तर अशा घड्याळाची ओळख पटवणं किती अवघड गेलं असतं याचा विचार करा.

“मग नाव पुसून टाकलं तर?”

माझं स्पष्ट मत: पुसू नका. फक्त भावनेपोटी म्हणत नाही, व्यवहारातही ते तोट्याचंच आहे.

पुसायचे मार्ग तीन. पहिला, अक्षरं जाईपर्यंत झाकण घासणं. कोरणी जितकी खोल तितका धातू सगळ्या पाठीवरून काढावा लागतो. झाकण पातळ होतं, कंपनीचे मूळ ठसे असतील तर तेही उडतात आणि तिरप्या उजेडात मधोमध खळगा दिसतो. खिशातल्या सोन्याच्या घड्याळाचं झाकण आधीच पत्र्यासारखं पातळ असतं, ते घासताना भोकही पडू शकतं. दुसरा मार्ग, लेझर वेल्डिंगनं अक्षरांत त्याच जातीचा धातू भरून वर पॉलिश करणं. निष्णात कारागिरानं केलं तर डोळ्यांना कळत नाही, पण खर्च बराच येतो आणि सोन्याचा रंग तंतोतंत जुळवणं सोपं नाही. भारी घड्याळालाच ते परवडतं. तिसरा, झाकणच बदलणं. इथे लोक हमखास फसतात. जुन्या रोलेक्सच्या झाकणाच्या आत मॉडेल क्रमांक आणि बऱ्याचदा तिमाही व वर्षाचा ठसा असतो. दुसरं झाकण लावलं की हा मेळ तुटतो आणि नावापेक्षा मोठा डाग लागतो.

संग्राहकाच्या नजरेत ‘नाव असलेलं मूळ झाकण’ हे ‘घासलेल्या कोऱ्या झाकणा’पेक्षा जवळजवळ नेहमीच सरस ठरतं. नाव नको असणारा गिऱ्हाईक ते पुढे कधीही काढून घेऊ शकतो. गेलेला धातू परत आणता येत नाही.

ज्या घड्याळाची पाठ कोरण्यासाठीच होती

1930 च्या सुमारास हिंदुस्थानातले ब्रिटिश अधिकारी पोलो खेळताना घड्याळाच्या काचा फुटतात म्हणून वैतागले होते. त्यांच्या तक्रारीतून रिव्हर्सो हे उलटं करता येणारं मनगटी घड्याळ जन्मलं. केस सरकवून उलटी करायची, काच आत जाते आणि धातूची पाठ समोर येते. मार्च 1931 मध्ये त्याचं पेटंट नोंदलं गेलं. काच वाचवायला केलेली ती कोरी सपाट पाठ पाहून लोकांनी तिच्यावर आद्याक्षरं, कुलचिन्हं, पोलो क्लबच्या मुद्रा कोरून घ्यायला सुरुवात केली. काही घड्याळांवर तर मीनाकारीत चेहरे रंगवले गेले. 1936 मधल्या एका रिव्हर्सोवर एका भारतीय राजस्त्रीचं चित्र आहे. अमेरिकी सेनानी डग्लस मॅकार्थर यांच्या रिव्हर्सोवरही त्यांची आद्याक्षरं मीनाकारीत होती.

इथे नाव असणं ही त्या घड्याळाची रीतच. त्यामुळे जुन्या रिव्हर्सोवरच्या अनोळखी आद्याक्षरांनाही संग्राहक नाक मुरडत नाहीत.

“आमच्या आजोबांच्या एचएमटीचं काय?”

बहुतेक वाचकांचा खरा प्रश्न हाच. एचएमटीनं 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीनं घड्याळं बनवायला सुरुवात केली. जनता, पायलट, कोहिनूर, कांचन ही नावं घराघरांत पोचली. बँक, गिरणी, एसटी, शाळा, कुठूनही निवृत्त झालं की हार, श्रीफळ आणि एचएमटी. म्हणून नाव कोरलेली एचएमटी घड्याळं आपल्याकडे भरपूर आहेत आणि भरपूर असलेल्या वस्तूचा भाव मर्यादित राहतो. 2016 मध्ये कारखाना बंद झाल्यावर मागणी वाढली खरी, पण नेहमीच्या मॉडेलचा भाव आजही हजारांतच मोजायचा असतो. त्यात नावामुळे होणारी घट इतकी किरकोळ की तिच्यासाठी झाकण घासायला देणं हा नुसता अपव्यय.

उलट मजकुरात संस्थेचं नाव, गाव आणि साल असेल तर स्थानिक इतिहास जपणाऱ्यांना तो मोलाचा वाटू शकतो. मुंबईच्या ज्या गिरण्या आज नकाशावरच नाहीत, त्यांपैकी एखादीचं नाव आणि कामगाराची सेवेची वर्षं पाठीवर असलेलं घड्याळ हा त्या गिरणीचा छोटासा दस्तऐवज आहे. त्याला आज फार पैसे येणार नाहीत. पण निरोप समारंभाचा फोटो, मानपत्र, निवृत्तीचा कागद त्याच डबीत ठेवलात तर न्यूमन यांच्या घड्याळामागे होती तशीच साखळी तुमच्याही घड्याळामागे तयार होते, लहान प्रमाणात का असेना.

शंभर वर्षांहून जुनं खिशातलं घड्याळ घरात असेल तर एक कायदाही माहीत हवा. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं झालेल्या कलावस्तू आणि ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर विकायला नेता येत नाहीत. परदेशातल्या लिलावाचे आकडे पाहून घड्याळ कुरिअरनं पाठवायच्या आधी जाणकाराचा सल्ला घ्या.

“आता नव्यानं नाव कोरायचंय, चालेल?”

मुलीला, जावयाला, निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला द्यायचं नवं घड्याळ असेल तर बिनधास्त कोरा. ते विकायला घेतलेलंच नाही. वारशात आलेल्या जुन्या घड्याळावर मात्र नवा मजकूर घालू नका, विशेषतः आधीचा मजकूर असेल तर. पुढच्या पिढीसाठी काही लिहायचंच असेल तर ते कागदावर लिहून घड्याळासोबत ठेवा.

कोरायला देताना घड्याळजीकडून मागचं झाकण उघडून घ्या आणि फक्त झाकण कोरणाऱ्याकडे द्या. यंत्रासकट घड्याळ दिलं तर धातूचा चुरा आत जातो आणि हादरेही बसतात. झाकण परत बसवताना आतली रबरी कडी बदलून घ्या, नाहीतर पावसाळ्यात पाणी शिरेल. मजकुरात नुसतं ‘प्रेमपूर्वक’ लिहू नका. पूर्ण नाव, गाव, निमित्त आणि साल लिहा. घरी आणल्यावर मजकुराचा आणि तो ज्याच्यासाठी कोरला त्या माणसाच्या मनगटावरचा, असे दोन फोटो त्याच आठवड्यात काढून बिलासोबत ठेवून द्या.